खडबडीत पाईपला मेण लावायचं तर हातानंच

तंबाखू ओढायच्या पाईपला पॉलिश करायचं म्हटलं की जो तो आधी विचारतो, बफिंगचं चाक, म्हणजे मोटरवर फिरणारं पॉलिशचं कापडी चाक, कुठं मिळेल. गुळगुळीत पाईप असेल तर चाकच बरोबर आहे, त्यात वाद नाही, कार्नोबा मेणाची वडी फिरत्या चाकाला टेकवायची, पाईप हलक्या हातानं धरायचा आणि दोन मिनिटांत लखलखीत. पण सँडब्लास्ट केलेला किंवा कोरून खडबडीत केलेला पाईप असला की तेच चाक त्याचं नुकसान करतं. हे इतक्या जणांना तोंडी सांगून झालंय की म्हटलं आता एकदा नीट लिहूनच काढूया.

आधीच सांगते, मी तंबाखू ओढत नाही आणि ओढा असं कुणाला सांगणारही नाही. मला ही वस्तू आवडते, तिचं लाकूड आवडतं, आणि जुना मळका पाईप स्वच्छ होऊन हातात आला की जे वाटतं ते आवडतं. आपल्याकडं पाईप ओढणारे आता फारसे दिसत नाहीत, पण पाईप आहेत हो घराघरात. सातारकडच्या लष्करी घरांत तर हमखास, कुणाचे आजोबा सुभेदार म्हणून रिटायर झालेले, कुणाचे सासरे मेजर, आणि सांगलीत जुने डॉक्टर, वकील, एखाद्या कारखान्यावरचे इंजिनीअर. माणूस गेला की पाईप कपाटात मेडलच्या डब्याशेजारी पडून राहतो आणि मग कधीतरी कुणीतरी घेऊन येतं, "ओढायचा नाहीये गं कुणाला, पण बघण्यासारखा करून दे."

लाकडाचं आधी थोडं सांगते कारण ते कळलं की मेणाचं आपोआप कळतं. चांगले पाईप बहुतेक ब्रायरचे असतात. ब्रायर म्हणजे एरिका आर्बोरिया नावाचं भूमध्य समुद्राच्या काठानं वाढणारं झुडूप, त्याच्या मुळाशी जमिनीत एक गाठ धरते आणि पाईप होतो तो त्या गाठीचा. लाकूड घट्ट, जड, आणि आच सोसणारं. गाठी काढल्या की ठोकळे पाडून तासन्‌तास उकळतात, आतला रस निघून जावा म्हणून, आणि मग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं सावकाश वाळवतात. हे उकळण्याचं लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आता टेक्श्चर, म्हणजे वरचा खडबडीतपणा. सँडब्लास्टमध्ये हवेच्या दाबानं काचेचे बारीक मणी किंवा तसलेच खरखरीत कण लाकडावर मारतात. लाकडातला मऊ भाग झिजतो आणि कठीण भाग उरतो, म्हणजे जी रेघ दिसते ती कुणी कोरलेली नसते, ती त्या गाठीच्या वाढीची असते. ठोकळा नीट कापलेला असला तर वाटीभोवती, म्हणजे तंबाखू भरायच्या भागाभोवती, एकावर एक आडवी कडी उठतात आणि बुडाशी बारीक बारीक दाणे. लंडनच्या आल्फ्रेड डनहिलनं याच्या पेटंटसाठी १९१७ साली अर्ज केला आणि शेल ब्रायर नावानं हे पाईप विकले, तेव्हापासून हा प्रकार रुजला. दुसरा प्रकार रस्टिकेटेड, त्यात माणूस हत्यारानं लाकूड टोचतो, खरवडतो, हाताला लागतं ते नवीन टाकी लावलेल्या जात्यासारखं. इटलीतल्या कास्तेल्लो कंपनीचे सी रॉक पाईप यासाठी नावाजलेले आहेत. एकात निसर्गाची रेघ आणि दुसऱ्यात कारागिराचा हात. मेण लावणाऱ्याला मात्र दोन्हीकडं एकच अडचण, उंचवटा आणि खोबण.

चाकावर नेमकं काय होतं बघा. कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका पाम झाडाच्या पानांवरचं मेण. नैसर्गिक मेणांत सगळ्यात कठीण म्हणून ते नावाजलेलं, वितळतं साधारण ८२ ते ८६ डिग्रीला. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ ला. म्हणजे कार्नोबा लाकडावर पसरायला चांगली उष्णता पाहिजे आणि चाकावर ती घर्षणातून मिळते. पण चाकाचं कापड टेकतं फक्त उंचवट्यांना! खोबणीत कापड पोचतच नाही, तिथं घर्षण नाही, उष्णता नाही, पण मेणाचे कण मात्र उडून जाऊन बसतात. न वितळलेले. थंड झालं की काळ्याभोर पाईपवर पांढरी पिठूळ भुरी दिसायला लागते आणि ती कापडानं पुसून जात नाही. वर चाकाचे धागे अडकतात ते वेगळंच. आणि कुणी उत्साहानं मेणाच्या आधी ट्रिपोली म्हणजे ती घासणारी तपकिरी वडी लावली असेल तर उंचवट्यांचे काठ गोल होतात, सँडब्लास्टची धारच जाते. ती काही परत आणता येत नाही.

अजून एक. आपल्याकडं बाजारात जे बेंच ग्राइंडर मिळतात ते बहुतेक २८०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपासचे. पाईपला हा वेग जास्तच आहे, गुळगुळीत पाईपलासुद्धा. एवढ्या वेगात चाक पाईप हातातून हिसकावून घेतं आणि तो जातो थेट फरशीवर. चाकच लावायचं असेल तर १४४० आरपीएमची मोटर बघा आणि खाली जाड गोधडी अंथरा.

मला हे हातानं करायचं वळण लागलं ते मिरजेमुळं. सतार-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत माझं जाणंयेणं आहे. दीडेकशे वर्षांपूर्वी तलवारींना धार लावणारी शिकलगार मंडळी तंतुवाद्यांकडं वळली, फरीदसाहेबांपासून ही परंपरा सांगतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. तिथं एक पॉलिशवाले काका आहेत, सपाट भागावर चपड्याचं (लाखेचं) पॉलिश कापडाच्या बोळ्यानं देतात, बोळा असा सरसर फिरतो की बघत राहावं. भोपळ्याला जिथं लाकूड मिळतं तिथली कोरलेली पानं आली की मात्र बोळा खाली ठेवतात, बारीक ब्रश घेतात, तो आधी कागदावर जवळजवळ कोरडा करतात आणि मगच नक्षीला लावतात. मी विचारलं तर म्हणाले, "ताई, पानाच्या देठात पॉलिश साचलं की पान बुजतं. वर चमकलं तरी नक्षी गेली." मला खडबडीत पाईपसाठी याच्यापेक्षा नेमका सल्ला कुणी दिलेला नाही. (चपडा मात्र पाईपला लावू नका. तो उष्णतेनं मऊ पडतो, फोड येतात, आणि स्पिरिटचा हात लागला की निघून येतो. सतार कुणी पेटवत नाही म्हणून तिला चालतो.)

आता प्रत्यक्ष काम, आणि त्यासाठी माझ्या मामांचा पाईप घेते. म्हणजे पाईप त्यांच्या सासऱ्यांचा, ते लष्करात होते, साताऱ्याजवळच्या गावातले. मामा सांगलीत गावभागात राहतात आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा त्यांच्या घरात खालच्या मजल्यावर जे काही होतं ते सगळं पाण्यात होतं. पाईपचं कपाट पण. पूर ओसरल्यावर पाईप सापडला, कुणीतरी नळाखाली धुतला आणि ठेवून दिला. तो माझ्याकडं आला तेव्हा मूळचा काळा सँडब्लास्ट पाईप राखाडी दिसत होता, प्रत्येक खोबणीत वाळलेला गाळ. मामा म्हणाले, "बाळ, लाकूड कुजलं असणार, बघ तुला काय जमतंय का." पण ब्रायरला पाणी नवीन नाही, तासन्‌तास उकळून निघालेलं लाकूड ते. वाटीला तडा नव्हता, वाटीतून निघणाऱ्या लाकडी नळीच्या जोडात भेग नव्हती. गेलं होतं ते फक्त वरचं मेण आणि थोडा रंग.

गाळ आधी कोरडाच काढायचा. ओला केला की त्याचा चिखल होऊन आणखी आत बसतो. जुना मऊ टूथब्रश, आणि ब्रश फिरवायचा रेघेच्या दिशेनं, आडवा नाही. कोपऱ्यातल्या गाळाला लाकडी टूथपिक, सुई अजिबात नाही, सुईचा ओरखडा मेणाखालीसुद्धा दिसतो. नंतर रिठ्याचं पाणी. रिठे रात्रभर भिजत घालून सकाळी कोळून घ्यायचे, फेसात ब्रश बुडवून झटकायचा आणि वाटीच्या बाहेरून गोल गोल फिरवायचा, लगेच ओलसर फडक्यानं टिपून घ्यायचं. आपल्याकडं चांदी आणि भरजरी साड्या रिठ्यानं धुतात त्याला कारण आहे, मळ निघतो आणि बाकी कशाला धक्का लागत नाही. पाईप पाण्यात बुडवायचा नाही, वाटीच्या तोंडात कापसाचा बोळा घालून ठेवायचा. आणि हो, खडबडीत पाईपच्या नळीला खालच्या बाजूला एक गुळगुळीत पट्टी सोडलेली असते, तिच्यावर कंपनीचे शिक्के असतात, तिथं ब्रश लावायचा नाही, नुसतं बोटानं पुसायचं. मामांच्या पाईपवर "लंडन मेड" एवढं अजून वाचता येतं आणि ते तसंच राहायला पाहिजे, कारण पाईप कुठला कधीचा हे सांगणारा तेवढाच पुरावा.

मग वाळवायचा, सावलीत, पंख्याच्या झोतात पण नाही. घाई नको. लाकूड आतून ओलं असताना मेण लावलं तर वरून धुरकट डाग येतात.

वाळला की उजेडात धरून रंग बघायचा. सँडब्लास्टला रंग बहुतेक वेळा दोन थरांत असतो, आधी गडद सगळीकडं, मग उंचवटे हलके घासून त्यावर फिकट, त्यामुळं खोबण काळी आणि कडा तांबूस. पुराच्या पाण्यानं मामांच्या पाईपचा खोबणीतला काळा फिका पडला होता. चामड्याचा स्पिरिटवाला रंग चप्पल-बूट करणाऱ्यांकडं मिळतो, तो इअरबडनं फक्त खोलात लावला, आणि सुकल्यावर स्पिरिटनं जेमतेम ओला केलेला कपडा वरवरून फिरवून कडा मोकळ्या केल्या. हे करताना मला सगळ्यात जास्त समाधान मिळतं, का ते विचारू नका, एकेक कडं वर येतं आणि त्या झुडपानं जमिनीखाली काढलेली सगळी वर्षं समोर दिसायला लागतात.

आणि आता मेण. बाहेर खडबडीत पाईपसाठी तयार मऊ मेणं मिळतात, बोटानं लावून ठेवायची आणि पुसायची. म्युझियमवाले वापरतात ते रेनेसान्स वॅक्सही बरेच जण वापरतात, ते ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं. हे सगळं ऑनलाइन मागवता येतं, पण मी घरीच करते. एक भाग कार्नोबा, एक भाग मधमाशीचं मेण, आणि चार भाग लिक्विड पॅराफिन, ते औषधाच्या दुकानात मिळतं. उकळत्या पाण्यात भांडं ठेवून त्यात वितळवायचं, डायरेक्ट गॅसवर नाही. कार्नोबाचे पापुद्रे ऑनलाइन घेतले. मधमाशीचं मेण महाबळेश्वरकडचं, आपल्या सातारा जिल्ह्यातच मध भरपूर, मांघर तर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. त्या मेणाला एक मंद वास असतो, पाईपला तो छान मुरतो.

नुसतं मधमाशीचं मेण का नाही, असं बरेच जण विचारतात. कारण ते मऊ आहे. पाईप पेटवला की वाटी बाहेरून चांगली कोमट होते, हातात चिकटपणा येतो, आणि न पेटवता नुसता शोकेसमध्ये ठेवला तरी आपला एप्रिल-मे आहे ना, सांगलीत पारा ४० च्या वर गेला की मऊ मेण धूळ ओढून घेतं आणि खोबणीत धूळ बसली की परत पहिले पाढे पंचावन्न. कार्नोबा ते सावरून धरतं. नुसतं कार्नोबा हातानं पसरत नाही. म्हणून दोन्ही.

घरातली ज्येष्ठ मंडळी "खोबरेल लाव की जरा" असं सांगतात, प्रेमानंच सांगतात, पण ते ऐकू नका. खोबरेल सुकत नाही, खोबणीत तसंच ओलं बसतं. शेंगतेल खवट होतं. जवसाचं तेल सुकतं पण खोलात त्याचा चिकट थर धरतो आणि तो काढणं फार जिकिरीचं. गाडीचं वॅक्सही नको, डब्यावर कार्नोबा लिहिलेलं असलं तरी त्यात आणखी काय काय असतं, आणि ही तोंडाशी जाणारी वस्तू आहे.

लावायची रीत अशी. आधी स्टेम, म्हणजे तोंडात धरायचा भाग, काढून बाजूला ठेवायचं, कारण जुनी स्टेमं एबोनाइटची म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असतात आणि उष्णतेनं वाकतात. मग हेअर ड्रायर लोवर ठेवून वाटी कोमट करायची, गालाला लावली तर बरी वाटेल इतपतच. तांदळाच्या दाण्याएवढं मेण बोटावर घ्यायचं. खरंच एवढंच. अख्ख्या वाटीला असे दोन दाणे पुरतात, तिसरा घ्यावासा वाटतो तिथं हात आवरायचा. बोटानं पसरायचं, मग स्वच्छ टूथब्रशनं बारीक गोल फिरवत खोबणीत ढकलायचं, आणि परत ड्रायर. या दुसऱ्या ड्रायरवर सगळं काम उभं आहे. खोबणीत साचलेलं मेण पांढुरकं दिसत असतं, गरम हवा लागली की ते डोळ्यादेखत पारदर्शक होतं, चमकतं, आणि मग लाकडात जिरून दिसेनासं होतं. चाकाला जे जमत नाही ते एवढंच, खोलात उष्णता पोचवणं, आणि हवा कुठंही पोचते. जिथं जिरत नाही, नुसतं तळं करून राहतं, तिथं मेण जास्त झालंय, कोरड्या ब्रशनं उचलून घ्यायचं.

पंधरा-वीस मिनिटं तशीच राहू द्यायची. मग बुटाचा ब्रश, घोड्याच्या केसांचा, नवा कोरा, ज्याला पॉलिश लागलेलं नाही असा. प्लॅस्टिकचे केस टणक असतात, ते नकोत. ब्रश जलद आणि हलका, केसांची टोकं खोबणीत गेली पाहिजेत, दाबला की केस आडवे पडतात आणि नुसत्या कडाच घासल्या जातात. शेवटी जुन्या धोतराचा तुकडा, तो फक्त वरून. धोतर धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं असतं की त्याचे तंतू अडकत नाहीत, पंचा किंवा टॉवेल घेतलात तर मात्र सगळी लव आत जाऊन बसेल.

झाल्यावर कसा दिसायला पाहिजे यावर माझं मत ठाम आहे. खडबडीत पाईप चकचकीत दिसता कामा नये. बरेच जण विकायला ठेवलेले जुने पाईप असे चकाचक करतात की फोटोत सगळीकडून प्रकाश परावर्तित होतो आणि त्यात रेघ कुठली ते कळतच नाही. उजेड फक्त कड्यांवर बारीक ओळीत पडला पाहिजे आणि खोबण गडद राहिली पाहिजे, खोलीमुळं तर टेक्श्चर दिसतं. खिडकीशी पाईप हळूहळू फिरवून बघा, उजेडाची रेघ एका कड्यावरून पुढच्या कड्यावर सरकत गेली तर काम बरोबर झालं. मामांच्या पाईपवर ती पुढच्या बाजूनं सरळ जाते आणि डावीकडं एके ठिकाणी कडी एकदम दाटतात, वळतात, तिथं गाठीत काहीतरी अडथळा आला असणार, खडा असेल, दगड असेल. गाळाच्या थराखाली हे कुणालाच माहीत नव्हतं. मामींनी तर बोट फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हे इतकं खरबरीत आहे होय, मला वाटायचं बाबांचा पाईप साधाच आहे."

स्टेमचं वेगळंच प्रकरण. एबोनाइट उजेडानं आणि ओलाव्यानं हिरवट-तपकिरी पडतं, गंधक वर येतं, चव कडू होते. ते बारीक पॉलिश पेपरनं, पाण्यात भिजवून, टप्प्याटप्प्यानं करावं लागतं, आणि तिथं चाक चालतं. त्यावर सवडीनं लिहीन, ते एका परिच्छेदाचं काम नाही.

पाईप वापरात असेल तर चार-सहा महिन्यांनी एक दाणा मेण, आणि प्रत्येक वेळी आधी कोरडा ब्रश. नुसता ठेवायचा असेल तर वर्षातून एकदा, पाऊस संपून हवा कोरडी झाली की, दसऱ्याच्या आसपास. पाईप गरम असताना स्टेम ओढून काढू नका, जोड ढिला होतो किंवा नळी चिरते. काचेच्या बंद कपाटात पावसाळाभर ठेवू नका, बुरशी आधी खोबणीत धरते, मधून मधून दार उघडं ठेवा. आणि जुन्या मेणाची पांढरी भुरी असलेला पाईप तुमच्याकडं असेल तर खरवडायला जाऊ नका, आधी नुसता ड्रायर आणि ब्रश करून बघा, नवीन मेण न लावता. बऱ्याचदा तेवढ्यावरच भागतं.